पाच दिवसांची गोळी

वऱ्हाडातला माणूस स्वतःचं दुखणं मोठ्यानं सांगत नाही. कापसाच्या भावाबद्दल, पावसाबद्दल तो चौकात उभा राहून तासभर बोलेल, पण दुखण्यावर आला की आवाज खाली जातो. "ताई, थोडंसं दुखून रायलं, एखांदी गोयी द्या ना," असं म्हणताना त्यानं काउंटरची कड घट्ट धरलेली असते आणि बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. अकोल्यात मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहराकडं जाताना आमचं औषधांचं दुकान लागतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथं बसते. फार्मसीची पदविका माझी, गल्ला सासऱ्यांकडं. माणूस काय बोलतो ते ऐकायच्या आधी त्याच्या हाताकडं बघायचं, हे मी याच काउंटरवर शिकले.

दुखण्यांनाही आमच्याकडं ऋतू आहेत. मृगाच्या पेरणीत घसरून पडलेले, बैलानं मारलेले, मनगट सुजलेले येतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड असते. गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरायचं आणि रात्रभर अनवाणी चालत येऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला घालायचं. भरण्यांनी, म्हणजे पाण्याच्या घागरींनी, लगडलेल्या त्या कावडींचा भार पोरं आळीपाळीनं खांद्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दोनतीन जण पायरीवर येऊन बसलेले असतात, खांदे सोललेले, तळव्यांना फोड, आणि तोंडावर रात्रीचा उत्साह तसाच. ही दुखणी मला आवडतात. साधं पॅरासिटामॉल आणि दोन रात्रींची झोप, एवढ्यावर ती जातात.

दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू होते आणि बायका यायला लागतात. दिवसभर वाकून वेचायचं, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची आणि पुन्हा वाकायचं. त्यांची कंबर पाच दिवसांत बरी होणारी नसते, कारण सहाव्या दिवशीही वावरात जायचंच असतं. मग एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढं सरकला की मुतखड्याचे लोक. खड्याची कळ ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगता येत नाही. चांगला धिप्पाड माणूस रिक्षातून उतरतो, कंबरेवर एक हात, उभं राहवत नाही, बसवत नाही, दुकानासमोरच्या फरशीवर गुडघ्यांवर येतो. बरोबरची बायको म्हणते, "कुयथाचा काढा देल्ला, पानफुटीचे पानं देल्ले, काईच फरक नाई." अशा माणसाला मी गोळी देत नाही. त्याच रिक्षात परत बसवते आणि सर्वोपचार रुग्णालयात पाठवते, कारण त्याला इंजेक्शन लागतं आणि आत नेमकं काय अडकलंय ते कोणीतरी बघावं लागतं.

पण मागणी मात्र सगळ्यांची एकाच गोळीची. खांदेवाल्यांची, कंबरवाल्यांची, खडेवाल्यांची. कुणाला तरी हाड मोडल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेली असते, तिनं जादू केलेली असते, आणि ती कीर्ती गावभर गेलेली असते.

लांबट गोळी आहे. एका गोळीत ट्रॅमॅडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. स्ट्रिप उलटी केली की डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत एन-आर-एक्स दिसतं, आणि खाली लाल चौकटीत बारीक इंग्रजी मजकूर असतो. वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे आणि चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असं त्यात म्हटलंय. बाळापूर तालुक्यातला शेतकरी ती चौकट वाचणार कशी? ज्याच्यासाठी इशारा छापला त्याच्याच भाषेत तो नाही, याचा मला राग येतो. म्हणून प्रत्येक वेळी ती चौकट मी तोंडानं वाचून दाखवते, मागं कितीही गर्दी असो.

ट्रॅमॅडॉल अफूपासून काढत नाहीत. ते कारखान्यात बनतं आणि १९७७ पासून जर्मनीत विकायला लागले. पण मेंदूत अफू ज्या जागी जाऊन बसते त्याच जागी तेही बसतं, शिवाय सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही दोन रसायनं वाढवतं. पॅरासिटामॉलची वाट वेगळी. दोन्ही एकत्र दिली की अफूच्या जातीचं औषध कमी मात्रेत भागतं, हा या जोडगोळीमागचा शहाणपणा. मोठ्या माणसाला एक किंवा दोन गोळ्या, चार ते सहा तासांनी, दिवसात आठच्या वर नाही आणि पाच दिवसांच्या वर नाही. ही मुदत मूळ औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०१६ साली डॉक्टरांना सांगितलं होतं की अशा अचानक उठलेल्या दुखण्याला तीन दिवसांचं औषध बहुतेकदा पुरतं, सात दिवसांच्या वर क्वचितच लागतं. तोवर त्या देशानं या जातीच्या गोळ्यांपायी आपली माणसं मोठ्या संख्येनं गमावली होती. महिनामहिन्याचे डबे घरोघरी गेले होते, दाढ काढलेल्या पोरांनासुद्धा.

आता हिशेब बघा. आठ गोळ्यांतलं पॅरासिटामॉल झालं २,६०० मिलिग्रॅम. दुखण्याबरोबर कणकण वाटते म्हणून घरातली तापाची साडेसहाशेची गोळी तीनदा घेतली, की आणखी १,९५०. बेरीज ४,५५०. धडधाकट माणसाची दिवसाची मर्यादा ४,००० ची आहे. रोज पिणाऱ्याची, अशक्त माणसाची त्याहून कमी. दोन वेगळ्या रंगांची पाकिटं, नावं वेगळी, म्हणून औषधंही वेगळी, असंच घरात समजतात. आणि यकृत लगेच ओरडत नाही. पहिला दिवस, दुसरा दिवस मळमळीपलीकडं फारसं काही कळत नाही. कावीळ दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. यावर ॲसिटाइलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण पहिल्या आठ तासांत दिला तर त्याचा खरा उपयोग. म्हणून ही गोळी देताना मी विचारते, घरी तापाची कोणती गोळी आहे? नाव सांगता आलं नाही तर म्हणते, पाकीट घेऊन या. काही जण वैतागतात. वैतागू देते.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा पट्टा बाहेरच्यांना फारसा माहीत नाही. जमीन काळी, पाहताना डोळा निवेल अशी, आणि खालचं पाणी खारट. लहानपणी विहिरीचं पाणी तापवलं की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसायचा. आई तो नखानं खरवडायची. पिकाला ते पाणी चालत नाही, पोटाला चालत नाही, आणि तरी पिढ्यानपिढ्या लोक ते प्यायले. मुतखडा आणि मूत्रपिंडाचं दुखणं नाही असं घर त्या गावांत शोधावं लागतं.

बाबा बंडीवरून पडले ते तुरीच्या हंगामात. उजव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या. भावानं अमरावतीला नेलं, मी अकोल्याहून बडनेऱ्याला उतरून तिथं पोचले. डॉक्टरांनी एक्सरे पाहिला, पण चिठ्ठीवर पेन टेकवायच्या आधी, मूत्रपिंड कसं आहे हे बघायला, क्रिएटिनिन तपासून आणायला सांगितलं. ते वाढलेलंच निघालं. मग त्यांनी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही नेहमीची नावं बाजूला ठेवली, कारण अर्धं थकलेलं मूत्रपिंड त्या गोळ्यांनी आणखी थकतं, आणि ही जोडगोळी लिहिली. तीही बारा तासांनी एक, कारण ट्रॅमॅडॉल बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचंच, आणि ते मंद असेल तर औषध अंगात साठत जातं. पाच दिवस, पुढं नुसतं पॅरासिटामॉल. त्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची तारीख लिहिली होती. अशी तारीख मी त्याआधी कुणाच्या चिठ्ठीवर पाहिली नव्हती, आणि तेव्हापासून मी ती प्रत्येक पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहिते.

बाबा मात्र ऐकेनात. माझ्याकडून एवढं त्यांना कळलं होतं की ही गोळी अफूच्या जातीची आहे. "मेलो त चालन, पण अफू खानार नाई," म्हणाले. वारकरी माणूस, गळ्यात माळ, आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. रात्रभर ते भिंतीला टेकून बसले. श्वास वरच्या वर, आखूड, जणू आत हवा जाऊच नये अशी खबरदारी घेऊन. खोकला आला की दाबायचे. मला कळत होतं काय होणार ते. मोडलेल्या बरगड्यांचा माणूस दुखण्यापायी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, छातीत कफ साठतो, आणि म्हाताऱ्या माणसाला मग न्यूमोनिया होतो. बरगडी कुणाला मारत नाही, हा न खोकलेला कफ मारतो.

शेवटी आईनं त्यांना मनवलं. ती म्हणाली, "तुमाले माळ घालणाऱ्या महाराजानं दुखनं सोसाले सांगतलं होतं का? मंग." तेवढ्यावर त्यांनी हात पुढं केला. तासाभरानं खांदे सैल पडले. मी त्यांच्या मागं उशी धरली, त्यांनी ती छातीशी कवटाळली आणि पहिल्यांदा मनापासून खोकले. आईनं कालनिर्णयच्या त्या महिन्यावर पेन्सिलीनं दर गोळीला एक रेघ मारली. पहिल्या दिवसापासून रात्री इसबगोल, कारण ही गोळी शौचाला घट्ट धरून ठेवते आणि मोडल्या बरगड्यांनी जोर करणं म्हणजे वेगळीच शिक्षा. रात्री उठायचं तर आईला हाक मारल्याशिवाय नाही, कारण उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते आणि आमच्या घराचा ओटा उंच आहे. शेवटच्या तारखेनंतर दुखणं संपलं नव्हतं, पण सोसवेल एवढं झालं होतं, आणि उरलेलं पॅरासिटामॉलनं ओढून नेलं.

या एका आठवड्याचं मला जितकं मोल वाटतं तितकं कोणत्या पुस्तकाचं वाटत नाही. दुखणं सोसण्यात मोठेपणा आहे असं आमच्याकडं फार मानतात. बाळंतिणीनं ओरडू नये, पुरुषानं कण्हू नये. मी ते मानत नाही. पोटभर श्वास घेता येणं, रात्री डोळा लागणं, उठून चार पावलं चालता येणं यासाठी औषध घ्यावं, मागून घ्यावं.

मात्र दरवेळी हेच औषध लागतं असं नाही. २०१७ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी एक तुलना छापली. हातापायांच्या अचानक दुखण्यानं तातडीच्या विभागात आलेले चारशेहून जास्त रुग्ण त्यांनी चार गटांत वाटले. तीन गटांना अफूच्या जातीच्या वेगवेगळ्या जोडगोळ्या, चौथ्याला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. दोन तासांनी चारही गटांचं दुखणं जवळपास सारखंच उतरलं होतं. मुरगळलेला पाय, कावडीचा खांदा, काढलेली दाढ यांना म्हणून मी दुसरी वाट आधी सुचवते. पण ती वाट बाबांना बंद होती. न्यूयॉर्कचा निष्कर्ष दर्यापूरला जसाच्या तसा लावता येत नाही. आमच्या मातीतलं मीठ आमच्या रक्तात उतरलंय, आणि दुखण्याची चिठ्ठी लिहिणाऱ्यानं आधी गाव कोणतं हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

अफूशी आपला संबंध नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी चारून निजवून जायच्या, हे १९२० च्या दशकातल्या चौकशांत नोंदलेलं आहे. आमची आजी सांगायची, निंदणाला जाणाऱ्या बायकाही तसंच करायच्या. झाडाला झोळी, झोळीत गुंगलेलं लेकरू. एखादं उठायचंच नाही. त्या आयांना दोष देणारी मी कोण? त्यांच्याकडं दुसरं काय होतं? पण त्यामुळंच, दुकानात दोन वर्षांच्या पोराचा हात मोडलाय म्हणून कुणी मोठ्यांची अर्धी गोळी मागितली की माझ्या अंगावर काटा येतो. बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅमॅडॉल आणि कोडीन द्यायचंच नाही, अंगावर पाजणाऱ्या आईनं घ्यायचं नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली बजावलं. कारण काही माणसांचं यकृत हे औषध फार झपाट्यानं त्याच्या तीव्र रूपात बदलतं. आईच्या दुधातून ते बाळाकडं जातं आणि बाळाचा श्वास मंदावतो. कुणाचं यकृत तसं आहे हे तोंडावरून कळत नाही. म्हणून सिझर होऊन आलेल्या बाईसाठी तिची सासू ही गोळी मागते तेव्हा मी आधी विचारते, बाळ दूध पितं का.

अफूचं पीकही आपल्यापासून फार लांब नाही. अकोल्याच्या स्टेशनावरून पूर्वी मीटरगेजची गाडी खांडव्याकडं निघायची, मेळघाटातून, आणि पुढं रतलामवरून नीमच, अजमेरच्या दिशेनं जायची. नीमचच्या बाजूला परवान्यानं अफू पिकते आणि तिथल्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून मॉर्फिन, कोडीन काढतात. इतक्या जवळ हे पीक असून देशात मरणाच्या दुखण्यातल्या माणसांना मॉर्फिन मिळत नाही. २०१७ च्या लॅन्सेट आयोगानं भारतातली ही गरज जेमतेम ४ टक्के भागते असं मांडलं होतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं डॉक्टरांना आणि दुकानदारांना इतकं भिववलं की खऱ्या रुग्णालाही औषध मिळेना. २०१४ साली कायदा थोडा सैल करावा लागला. आणि त्याच देशातून दुसरीकडं काय गेलं? पालघर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची मिश्र गोळी बनवून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होते, जिला कुठल्याच देशाची वैद्यकीय मान्यता नव्हती. घाना, नायजेरियातली पोरं ती रस्त्यावर विकत घेऊन खात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे उघडकीला आल्यावर केंद्र सरकारनं त्या मिश्रणाची परवानगी काढून घेतली. महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या हातून हे झालं, याची मला फार्मासिस्ट म्हणून लाज वाटते.

भीतीची दुसरी बाजू मी अमरावतीत पाहिली. बहिणीकडं गेले होते, तिच्यासाठी औषध घ्यायला एका मेडिकलवर उभी होते. शेजारी धारणीकडचा एक कोरकू मुलगा आला. वीस-बावीसचा, डोळे पिवळसर, दोन्ही मांड्या हातांनी दाबत उभा. सिकलसेलचा रुग्ण होता. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथं रक्त पोचत नाही तिथं हाडाच्या आतून दुखणं उठतं. विदर्भात हा आजार पिढ्यांपासून आहे. जुलै २०२३ पासून त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. मुलाच्या हातात सरकारी दवाखान्याची चिठ्ठी होती, खिशात कार्ड होतं. दुकानदारानं चिठ्ठीकडं बघितलंसुद्धा नाही. "इथं नशेच्या गोळ्या भेटत नाई," म्हणाला, सगळ्यांसमोर. मुलगा काही बोलला नाही. चिठ्ठीची घडी घातली आणि पायरी उतरायला लागला, एकेक पाय खाली ठेवत.

मी आणि माझा मेहुणा त्याला रिक्षात घालून इर्विन रुग्णालयात घेऊन गेलो. तेच बरोबर होतं. सिकलसेलची कळ घरी गोळीवर सांभाळायची नसते, सलाईन लागतं, ऑक्सिजन बघावा लागतो, मॉर्फिनसुद्धा लागू शकतं. पण वाटेत त्यानं जे विचारलं ते अजून माझ्या कानात आहे. "मॅडम, मैं नशेड़ी दिखता हूँ क्या?" त्याला पुन्हा कळ येईल, तेव्हा तो मागायला येईल का, की त्या एका वाक्याच्या धाकानं पाड्यावरच अंग मुरडत पडून राहील, हे मला सतावत राहतं.

दुकानदारांना खोटे लोक भेटतात हे मी नाकारत नाही. मलाही भेटतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत देशातले २.०६ टक्के लोक अफूच्या जातीचं काही ना काही घेतात असं निघालं, आणि त्यात औषधी गोळ्या-इंजेक्शनं घेणारे ०.९६ टक्के, म्हणजे अफू खाणाऱ्यांहून जास्त. काही वर्षांपूर्वी एक निळी कॅप्सूल सगळ्यांच्या तोंडी होती, डेक्स्ट्रोप्रोपॉक्सीफिनची. पोटदुखीला म्हणून सुरू व्हायची आणि सुटायची नाही; हृदयाच्या ठोक्यालाही तिचा धोका होता. २०१३ साली तिच्यावर बंदी आली. मार्च २०१४ पासून ट्रॅमॅडॉल एच-वन यादीत आहे. कुणी लिहिलं, कुणाला दिलं, किती दिलं हे रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमॅडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरासिटामॉल, ट्रॅमॅडॉल, टॉरिन आणि कॅफिन अशी चौघांची मिसळ बंद केली. हे सगळं हवंच होतं. रजिस्टर लिहायला मला कधी कंटाळा येत नाही, कारण त्या वहीतून गोष्टी दिसतात. एकच नाव, तीन डॉक्टर, एक महिना.

अशी एक बाई दिसली होती. गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर पाच दिवसांसाठी लिहिलेली गोळी ती कित्येक महिने घेत होती. घरात कुणालाच माहीत नव्हतं. दारूचा वास येतो, गोळीचा येत नाही; गाडगेबाबांनी याच जिल्ह्यांत गावोगाव कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले, पण स्वयंपाकघरातल्या डब्यामागं ठेवलेल्या स्ट्रिपवर कोण कीर्तन करणार? ती सांगायची, गोळी घेतली नाही की अंग मोडून येतं, नाक वाहतं, जीव घाबरा होतो. तिला वाटे आजार परत आला. ते आजारपण गोळी सुटल्याचं होतं. मी तिच्याशी दुकान बंद करायच्या वेळी बोलले, तिच्या नवऱ्यासमोर नाही. एकदम बंद करू नका म्हटलं, कारण तसं केलं की माणूस उलट्याच पावलांनी गोळीकडं जातो; मानसोपचार विभागात डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू कमी करता येते. ती गेली. आता येते ती नातवाच्या खोकल्याच्या औषधाला.

वेचणीच्या बायकांना ही गोळी द्यायला मी म्हणूनच तयार नसते. त्यांचं दुखणं खरं आहे, कावडवाल्यांपेक्षा कितीतरी खरं, पण ते महिनोन्‌महिने चालणारं आहे आणि ही गोळी तेवढ्यासाठी नाही. त्यांना विसावा हवा, वजन वाटून घेणारं कुणी हवं, कंबरेचे व्यायाम शिकवणारं कुणी हवं. ते दुकानात मिळत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. त्यांनाही वाईट वाटतं, मलाही, आणि कुणीच काही बोलत नाही.

तुमच्या घरी कुणाला ही गोळी लिहून दिली असेल, तर एवढं करा. मूत्रपिंडाचा त्रास, फिट, दमा, झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या, पोटात असलेलं मूल, रोजची दारू, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगा. गोळी चालू असेपर्यंत दारूचा थेंब नको, आणि अकोला-अमरावती रस्त्यावर मोटारसायकल नको. शेवटच्या गोळीची तारीख डॉक्टरांकडून पाकिटावर लिहून घ्या. शेजाऱ्याला, भावाला, कामावरच्या माणसाला आपली गोळी देऊ नका, कितीही दुखत असलं तरी. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील, तर त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि स्ट्रिप बरोबर न्या. सुटत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे, पैसे पडत नाहीत. आणि बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. २०२५ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनं कचऱ्यात न टाकता शौचालयात टाकून पाणी सोडायच्या १७ औषधांची यादी काढली आहे. ट्रॅमॅडॉल त्या यादीत आहे.